घर दोन हजार किलोमीटरवर



सुरुवातीलाच एक कबुली. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. घरी आम्ही मराठीच बोलतो, पण लिहायची वेळ आली की माझ्या ऱ्हस्व-दीर्घाचे हाल कुत्रा खात नाही. तरीही मराठी विभागात लिहिते आहे, कारण इंग्लिश सेक्शनमध्ये नॅनोटेक्नॉलॉजीवर ऑलरेडी तीन लेख आलेत आणि रूममेटने दम दिला, "बास्केटबॉलवर लिहिणार असशील तर मराठीत लिही, निदान मेसचे काका वाचतील." तेव्हा चुकलं-माकलं पोटात घाला.

विषय तसा लांबचा आहे. सर्बियाची राजधानी बेलग्रेड, आणि तिथला 'पार्टिझान' नावाचा बास्केटबॉल क्लब. तुम्ही म्हणाल, ही मेकॅनिकलची मुलगी, हिचा सर्बियाशी काय संबंध?

संबंध असा. गेल्या सेमिस्टरला आपल्या कोर्टवर नव्या बिल्डिंगची खडी आणि सळया येऊन पडल्या (हॉस्टेलवाल्यांना वेगळं सांगायला नकोच!). त्यामुळे इंटर-कॉलेजच्या आमच्या दोन्ही 'होम' मॅचेस दुसऱ्या कॉलेजच्या कोर्टवर झाल्या. दोन्ही हरलो. परतीच्या बसमध्ये सगळ्यांचं एकच रडगाणं, घरचं कोर्ट असतं तर जिंकलो असतो! जिमखान्याचे सर पुढच्या सीटवर होते. ते मागे वळून एवढंच म्हणाले, "एक्क्याण्णव-ब्याण्णवच्या पार्टिझानबद्दल वाचा जरा." आणि डोळे मिटून झोपले.

मी वाचलं. मग त्या फायनलचं रेकॉर्डिंग शोधून बघितलं. मग थर्मोडायनॅमिक्सचं सबमिशन आठवडाभर लांबलं. जे कळलं ते तुम्हालाही सांगते.

आधी थोडा इतिहास

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा युगोस्लाव्हिया हा देश नव्याने उभा राहत होता. सहा प्रजासत्ताकं मिळून एक देश: सर्बिया, क्रोएशिया, स्लोव्हेनिया, बोस्निया, मॅसिडोनिया आणि मॉन्टेनेग्रो. नाझी फौजांशी डोंगरदऱ्यांत राहून गनिमी काव्याने लढलेल्या सैनिकांना तिथे 'पार्टिझान' म्हणायचे. त्यांचा नेता मार्शल टिटो. युद्ध संपल्यावर याच सैन्याच्या छत्राखाली १९४५ मध्ये बेलग्रेडमध्ये एक क्रीडामंडळ निघालं आणि नाव तेच पडलं. फुटबॉल, बास्केटबॉल, सगळं त्याच नावाखाली.

शहर एक आणि क्लब दोन, म्हणजे भांडण आलंच. दुसरा क्लब 'रेड स्टार', तोही १९४५ चाच. रेड स्टारने १९४६ ते १९५५ अशी ओळीने दहा वर्षं युगोस्लाव्हियाची लीग जिंकली. आणि पार्टिझान? त्यांचं पहिलं विजेतेपद १९७६ चं. म्हणजे स्थापनेनंतर एकतीस वर्षांनी! आपल्याकडे चार वर्षांत डिग्री मिळाली नाही तर नातेवाईक फोन करून चौकशा करतात.

पुढे जायच्या आधी नावांबद्दल एक टीप. आपल्याकडे जसं 'कर', तसं त्यांच्याकडे 'इच'. दालिपागिच, किचानोविच, जॉर्जेविच, दानिलोविच, ओब्रादोविच... सुरुवातीला माझाही गोंधळ झाला, नंतर सवय होते.

पहिले दोन 'इच' म्हणजे द्राझेन दालिपागिच आणि द्रागान किचानोविच. सत्तरच्या दशकात पार्टिझान मोठं झालं ते या जोडीमुळे. १९७८ मध्ये त्यांनी कोराच कप जिंकला. ही युरोपातली एक मोठी स्पर्धा होती. बेलग्रेडच्याच एका तिसऱ्या क्लबचा खेळाडू रादिव्होय कोराच १९६९ मध्ये कार अपघातात गेला, त्याचं नाव तिला दिलं होतं. त्या वर्षीची फायनल पार्टिझान आणि साराजेव्होचा 'बोस्ना' क्लब यांच्यात झाली, म्हणजे दोन्ही टीम युगोस्लाव्हियाच्याच. एक्स्ट्रा टाइमनंतर स्कोअर होता ११७-११०. एकट्या दालिपागिचचे ४८ पॉइंट! आणि लक्षात घ्या, आंतरराष्ट्रीय बास्केटबॉलमध्ये तीन पॉइंटची लाइन आली १९८४ मध्ये. म्हणजे कितीही लांबून टाका, पॉइंट दोनच.

बोस्नाकडून त्या दिवशी मिर्झा देलिबाशिच खेळत होता. तो आणि किचानोविच नॅशनल टीममध्ये एकत्र खेळायचे आणि एकमेकांचे जिगरी दोस्त होते. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने गोल्ड मेडल जिंकलं, त्या टीममध्ये दोघं होते. मिर्झाचं नाव लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.

सगळेच जण निघून जातात

पार्टिझानने १९७९ मध्ये कोराच कप पुन्हा जिंकला. मग दशकभराने नवी बॅच आली: व्लादे दिवात्स, झार्को पास्पाल्य, साशा जॉर्जेविच, प्रेद्राग दानिलोविच. १९८९ ची कोराच कपची फायनल दोन मॅचेसची होती आणि दोन्हींच्या पॉइंटची बेरीज धरायची होती. इटलीत, कांतू क्लबच्या घरी, पार्टिझान ७६-८९ हरलं. तेरा पॉइंटची पिछाडी. बेलग्रेडच्या परतीच्या मॅचला १०१-८२ जिंकलं. एकोणीसमधून तेरा वजा करा, कप सहा पॉइंटनी खिशात! घरचं मैदान म्हणजे काय, त्याचं एवढं चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही.

आणि त्याच उन्हाळ्यात दिवात्स आणि पास्पाल्य अमेरिकेला गेले. एकाला लॉस एंजलिस लेकर्सने घेतलं, दुसऱ्याला सॅन अँटोनियो स्पर्सने. युरोपातून थेट एनबीएत जाणारी ही पहिल्या काही खेळाडूंमधली नावं. पार्टिझानची गोष्ट वाचताना ही गोष्ट परत परत दिसते. पोरं तयार करायची, ती चमकली की श्रीमंत क्लबांनी उचलायची, परत नवी पोरं. थोडक्यात, आपल्या कॉलेजच्या टीमसारखंच. फायनल इयरचे पासआउट झाले की उरलेल्यांनी सुरुवातीपासून सुरू करायचं.

एक्क्याण्णवचा उन्हाळा

जून १९९१ मध्ये रोमला युरोपियन चॅम्पियनशिप चालू होती. युगोस्लाव्हियाची टीम तेव्हाची युरोपातली सगळ्यात भारी टीम. २५ जूनला स्लोव्हेनिया आणि क्रोएशियाने स्वातंत्र्य जाहीर केलं. टीममधला स्लोव्हेनियाचा युरे झ्दोव्त्स स्पर्धा अर्धी सोडून निघाला, कारण त्याच्या नव्या देशाने तसं सांगितलं. बाकीच्यांनी गोल्ड जिंकलं. त्या देशाची ती टीम एकत्र खेळण्याची शेवटची वेळ.

त्या टीमच्या तयारी कॅम्पमधून आणखी एक जण आधीच निघून गेला होता. झेल्को ओब्रादोविच, वय ३१, पार्टिझानचा पॉइंट गार्ड. क्लबने त्याला विचारलं, कोच होतोस का? त्याने खेळणं तिथल्या तिथे थांबवलं आणि हो म्हणाला. म्हणजे कालपर्यंत ज्यांच्यासोबत ड्रेसिंग रूममध्ये चेष्टामस्करी केली, त्यांनाच आजपासून शिस्त लावायची! अनुभव शून्य. म्हणून क्लबने सल्लागार म्हणून सोबत दिले अलेक्झांडर निकोलिच, 'प्रोफेसर' म्हणून ओळखले जाणारे, युगोस्लाव्ह बास्केटबॉलच्या जनकांपैकी एक. इटलीच्या व्हारेझे क्लबला त्यांनी तीनदा युरोपियन चॅम्पियन केलं होतं.

टीम कशी होती? जॉर्जेविच २४ वर्षांचा, दानिलोविच २१ चा, झेल्को रेब्राचा १९ चा. बाकीचेही बहुतेक आपल्या सीनियर्सच्या वयाचे. आणि इव्हो नाकिच नावाचा एक क्रोएशियन. देश फुटत होता, पण हा बेलग्रेडमध्येच थांबला आणि सीझनभर खेळला.

तोवर युद्ध पेटलं होतं. फीबा म्हणजे बास्केटबॉलची आंतरराष्ट्रीय संघटना. त्यांनी ठरवलं, युद्धाच्या प्रदेशात युरोपियन कपच्या मॅचेस होणार नाहीत. पार्टिझानला होम मॅचेस घराबाहेर खेळाव्या लागणार होत्या. क्रिकेटवाल्यांना हे लगेच समजेल. लाहोरमध्ये २००९ ला श्रीलंकेच्या टीमवर हल्ला झाला, त्यानंतर पाकिस्तानने कित्येक वर्षं आपल्या होम मॅचेस दुबई-अबुधाबी-शारजात खेळल्या. तसंच हे.

क्रोएशियाच्या दोन क्लबांनाही हाच नियम लागला. त्यातला स्प्लिट शहराचा क्लब तर १९८९, ९० आणि ९१ असा सलग तीनदा युरोपियन चॅम्पियन झालेला. गंमत बघा (गंमत तरी कशी म्हणू?), ज्यांचे देश एकमेकांशी लढत होते ते तिन्ही क्लब घर म्हणून गेले एकाच देशात, स्पेनमध्ये. फक्त वेगवेगळ्या गावांत.

फुएनलाब्रादाचे लोक

पार्टिझानच्या वाट्याला आलं फुएनलाब्रादा. माद्रिदच्या दक्षिणेला असलेलं, कामगार वस्तीचं उपनगर. बेलग्रेडपासून सरळ रेषेत मोजलं तरी दोन हजार किलोमीटर. तिथल्या हॉलला फेर्नांदो मार्तिनचं नाव होतं. रेआल माद्रिदचा हा लाडका खेळाडू १९८९ मध्ये कार अपघातात गेला होता.

स्पर्धेत आठ-आठ टीमचे दोन गट होते. प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा घरी आणि एकदा त्यांच्याकडे. म्हणजे सात होम मॅचेस. विचार करा, प्रत्येक होम मॅचसाठी प्रवास करून परदेशात जायचं, हॉटेलात राहायचं, आणि समोर आपलं एकही माणूस नाही.

पण इथेच या गोष्टीने वळण घेतलं. फुएनलाब्रादाच्या लोकांनी या पोरांना दत्तक घेतलं! ज्यांची भाषा कळत नाही, नावं उच्चारता येत नाहीत, अशा टीमसाठी ते तिकिटं काढून यायला लागले. मॅचमागून मॅच हॉलमध्ये गर्दी वाढत गेली. गंमतीने लोक त्यांना 'पार्टिझान दे फुएनलाब्रादा' म्हणायला लागले. मोठ्या युरोपियन स्पर्धेचे सामने गावात कधी होत नसत, त्यामुळे त्यांनाही अप्रूप होतंच. पण नुसतं अप्रूप असतं तर दोन मॅचनंतर संपलं असतं.

हे वाचल्यावर मला आमची दुसरी हरलेली मॅच आठवली. परक्या कोर्टच्या कडेला आपल्या मेसचे दोन दादा आणि एक काका उभे होते. भाजी आणायला त्या बाजूला आले होते आणि टेम्पो थांबवून मॅच बघत होते. चौथ्या क्वार्टरपर्यंत टाळ्या वाजवत होते. आणि आम्ही बसमध्ये काय म्हणालो? आमचं कोणीच नव्हतं! खरं सांगते, लाज वाटली.

तर, पार्टिझान गटात चौथं आलं, म्हणजे काठावर पास. क्वार्टर फायनलला समोर इटलीची बोलोन्या, तीन मॅचची सिरीज. या वेळी फीबाने एक मॅच बेलग्रेडमध्ये खेळायची परवानगी दिली. अख्ख्या सीझनमध्ये युरोपियन कपची खऱ्याखुऱ्या घरची ही एकमेव मॅच. ती जिंकली. मग बोलोन्यात जाऊन एक हरली, आणि तिसरी, निर्णायक, तिथेच जिंकली. पार्टिझान शेवटच्या चारात!

चार सेकंद

फायनल फोर एप्रिल १९९२ मध्ये इस्तंबूलला झाली. सेमीफायनलमध्ये पार्टिझानने मिलानला ८२-७५ हरवलं. १६ एप्रिलला फायनल, समोर स्पेनचा जुव्हेंतुत बादालोना.

ही मॅच मी तीनदा बघितली. चित्र धुरकट आहे, कॉमेंटरी मला कळत नाही, पण काही बिघडत नाही. स्कोअर इतका जवळ की श्वास अडकतो. शेवटी शेवटी ६८-६८. जुव्हेंतुतचा तोमास होफ्रेसा ड्राइव्ह करून बास्केट टाकतो, ७०-६८. दहाएक सेकंद उरलेत. अशा वेळी शहाणा कोच टाइमआउट घेतो, फळ्यावर प्ले काढून दाखवतो. इथे टाइमआउट नाही. कोप्रिविका बॉल आत देतो, जॉर्जेविच घेतो आणि साइडलाइनच्या कडेकडेने सुसाट पुढे धावत सुटतो. तीन पॉइंटच्या लाइनच्या बाहेरून (तेव्हा ती ६.२५ मीटरवर होती, आता ६.७५ आहे), धावता धावताच उडी मारून, तोल धड नाही, अंगावर डिफेंडर, अशा अवस्थेत तो बॉल सोडतो. आम्ही असं केलं तर सर कोर्टबाहेर काढतील.

बॉल आत. ७१-७०. जेमतेम चार सेकंद शिल्लक, त्यात जुव्हेंतुतला काही करता आलं नाही. पार्टिझान युरोपचं चॅम्पियन झालं. फायनल फोरचा सर्वोत्तम खेळाडू दानिलोविच. कोच ३२ वर्षांचा, पहिल्याच वर्षी. त्याच सीझनमध्ये त्यांनी देशातली लीग आणि कपही जिंकला.

माझी मैत्रीण हे बघून म्हणाली, "वा, एकदम पिक्चरसारखं!" मलाही तसंच वाटलं होतं. पण मग मी तारीख पुन्हा बघितली.

पिक्चर इथे संपत नाही

१६ एप्रिल १९९२. साराजेव्होचा वेढा त्याच महिन्याच्या सुरुवातीला सुरू झाला होता. बोस्नियातल्या सर्ब फौजा आजूबाजूच्या टेकड्यांवरून शहरावर तोफा डागत होत्या. हा वेढा जवळजवळ चार वर्षं चालला. आठवतो मिर्झा देलिबाशिच? १९७८ च्या फायनलमध्ये पार्टिझानविरुद्ध खेळलेला? तो त्या वेढलेल्या शहरात होता. १९९३ मध्ये तो बोस्नियाच्या नव्या नॅशनल टीमचा कोच झाला. त्या टीमला स्पर्धेला जायचं तर आधी गोळीबाराच्या माऱ्यातला विमानतळ ओलांडून शहराबाहेर पडावं लागलं होतं. म्हणजे घरचं मैदान नाही, एवढ्यावर ज्यांचं भागलं ते नशीबवानच म्हणायचे. पार्टिझानच्या पोरांनी कोणावर तोफ डागली नव्हती, हे खरं. पण त्यांच्या शहरातलं सरकार या युद्धात हात धुवून घेत नव्हतं असं नाही. हे सोडून नुसती शेवटच्या शॉटची गोष्ट सांगितली, तर ती अर्धीच होईल.

३० मे १९९२ ला संयुक्त राष्ट्रसंघाने सर्बिया आणि मॉन्टेनेग्रोवर निर्बंध लादले. व्यापार बंद, विमानं बंद, आणि खेळसुद्धा बंद. फायनलनंतर दीड महिनासुद्धा झाला नव्हता. युरोपचं चॅम्पियन असलेलं पार्टिझान पुढच्या वर्षी स्पर्धेत उतरूच शकलं नाही. हरून विजेतेपद जाणं वेगळं, आणि दारातच अडवलं जाणं वेगळं.

टीम विखुरली. जॉर्जेविच गेला मिलानला, दानिलोविच बोलोन्याला. नावं ओळखीची वाटतात ना? ज्यांना हरवलं त्यांच्याकडेच! आणि कोच? ओब्रादोविच १९९३ मध्ये गेला चक्क जुव्हेंतुतला. ज्या क्लबचा कप त्याच्या टीमने चार सेकंद बाकी असताना हिसकावला होता, त्याच क्लबला त्याने १९९४ मध्ये युरोपियन चॅम्पियन करून दाखवलं. म्हणतात ना, ऋण फेडलं! पुढे रेआल माद्रिद, पनाथिनायकोस, फेनरबाचे असं करत त्याची एकूण नऊ युरोपियन विजेतेपदं झाली. इतकी दुसऱ्या कुठल्याच कोचची नाहीत. पण पहिलं ते पार्टिझानचं.

परत शून्यापासून

निर्बंध उठल्यावर पार्टिझान पुन्हा उभं राहिलं. १९९८ मध्ये ते परत फायनल फोरला पोचलं. सेमीफायनलला समोर बोलोन्या, आणि बोलोन्याकडून खेळत होता दानिलोविच! पार्टिझान ६१-८३ हरलं.

पण २००० मध्ये हाच दानिलोविच आणि दिवात्स, दोघं मिळून क्लबचा कारभार बघायला परत आले. त्यानंतर कोच दुश्को वुयोशेविचच्या हाताखाली क्लबने तोच जुना धंदा नेटाने चालवला, पोरं घडवायची आणि सोडून द्यायची. २००२ ते २०१४ अशी सलग तेरा वर्षं देशाची लीग त्यांनी जिंकली. पैशांच्या बाबतीत ते स्पेन-ग्रीसच्या क्लबांच्या जवळपाससुद्धा नव्हते. २००८-०९ च्या उन्हाळ्यांत पेकोविच, व्हेलिचकोविच, टेपिच, ट्रिपकोविच असे एकामागून एक चांगले खेळाडू गेले, तरी २०१० ला टीम पॅरिसच्या फायनल फोरला होती. तिथे ऑलिम्पियाकोसविरुद्ध एक्स्ट्रा टाइममध्ये ८०-८३ अशी हार. फक्त तीन पॉइंट!

आणि प्रेक्षक? पार्टिझानच्या चाहत्यांना 'ग्रोबारी' म्हणतात, म्हणजे थडगी खोदणारे. विरोधकांनी चिडवायला ठेवलेलं नाव यांनी अभिमानाने घेतलं. ५ मार्च २००९ ला बेलग्रेडच्या मोठ्या अरेनात पनाथिनायकोसविरुद्धच्या मॅचला २२,५६७ लोक होते. युरोलीगमधला तो गर्दीचा विक्रम ठरला. समोरच्या टीमचा कोच कोण होता ओळखा. ओब्रादोविच! पार्टिझान जिंकलं. (चाहत्यांचं सगळंच गोड आहे असं नाही. त्यांच्या मारामाऱ्यांच्या बातम्याही पुष्कळ आहेत.)

नंतर कर्जाने क्लब जेरीस आला, रेड स्टार पुढे निघून गेलं. २०२१ मध्ये ओब्रादोविच परत आला, तीस वर्षांनी, जिथून सुरुवात केली तिथे. २०२३ मध्ये युरोलीगच्या प्लेऑफमध्ये त्याच्या टीमने रेआल माद्रिदला त्यांच्या घरी सलग दोनदा हरवलं आणि मग पुढच्या तिन्ही मॅचेस गमावल्या. त्यातल्या दोन स्वतःच्या घरी, वीस हजार लोकांसमोर! म्हणजे घरचं मैदान काही गॅरंटी देत नाही. २०२५ मध्ये त्यांनी प्रादेशिक एबीए लीग आणि सर्बियाची लीग दोन्ही जिंकल्या, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हरत्या टीमची जबाबदारी घेऊन ओब्रादोविचने राजीनामा दिला. आता परत नव्याने. त्यांना सवय आहे.

शेवटी आपल्याबद्दल

हे सगळं लिहायचं एक कारण आहे. या सेमिस्टरलाही आपलं कोर्ट मोकळं होईल असं दिसत नाही. खडी गेली, आता विटा आल्यात. टीममधल्या निम्म्या मुलींचं म्हणणं होतं की एंट्री काढून घेऊ या. फायनल इयरच्या दोघी पासआउट झाल्या, उंच कोणी उरलं नाही, प्रॅक्टिसला जागा नाही. आठवडाभर वाद झाला. मीही आधी 'काढून घेऊ' वाल्यांतच होते.

मी त्यांना ती मॅच दाखवली. शेवटचा शॉट नव्हे. शॉट काय, दहा वेळा टाकला तर नऊ वेळा बाहेर जाईल. मी त्यांना फुएनलाब्रादाबद्दल सांगितलं. सात होम मॅचेस परक्या देशात, आणि तरी सातही वेळा त्यांनी बॅगा भरल्या.

एंट्री गेली आहे. सकाळी साडेपाचला पार्किंगच्या मागच्या मोकळ्या जागेत प्रॅक्टिस असते. तिथे रिंग नाही, पण ड्रिबलिंगला रिंग लागत नाही. लेडीज हॉस्टेलच्या रेक्टर मॅडमनी गेट अर्धा तास लवकर उघडायला सांगितलं, त्यांचे आभार. मॅचेसचं टाइमटेबल मेसच्या नोटीस बोर्डवर लागेल. दोन्ही होम मॅचेस घरी नाहीत, बसने चाळीस मिनिटं लागतात.

काका, टेम्पो घेऊन याच.